दातवालीची फ्रेम

“इथे नख लावून बघा,” दातवाली म्हणाली. “काहीतरी अडतंय. आठशेचा ओरखडा राहिलाय.”

माझा नवरा गॅलरीच्या फरशीवर गुडघे टेकून बसला. त्याने टॉर्च आडवी धरली, मान वाकडी केली आणि एक डोळा मिटला.

“आठशेचा नाही, डॉक्टर. सहाशेचा आहे. आठशे मी उभा मारलाय. हा आडवा आहे.”

“पकडलंत की!” ती म्हणाली आणि दोघंही हसले.

मी दारात उभी होते. एका कडेवर ढबू, दुसऱ्या हातात चहाचा ट्रे. सहाशे आणि आठशेमध्ये हसण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटलं असतं. मला वाटलं नाही, कारण मला ते कळत होतं. घासायच्या कागदाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. प्रत्येक कागद आधीच्या कागदाच्या आडव्या दिशेने मारायचा, म्हणजे आधीचा ओरखडा शिल्लक असेल तर उलटा दिसतो आणि सापडतो. दोन महिने हेच चाललं होतं घरात. न कळून सांगते कुणाला? पण माझ्याबरोबर कुणी हसलं नव्हतं.

“चहा,” मी म्हणाले.

“ठेव गं तिथे,” नवरा म्हणाला. फ्रेमवरची नजर काढली नाही.

तिथे म्हणजे कुठे? गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याची बादली, कागदांच्या पट्ट्या, कापसाची चाकं, ड्रिल, पॉलिशच्या वड्या. आणि मधोमध, छतातल्या कडीला दोन दोऱ्यांनी टांगलेली ती. मोटरसायकलची फ्रेम. चाकं, इंजिन, टाकी, सगळं काढून घेतल्यावर उरलेला अल्युमिनियमचा सांगाडा. ती कडी मी पाळण्यासाठी बसवून घेतली होती. पाळणा अजून खोक्यात होता, आणि नऊ महिन्यांची ढबू, माझी मुलगी, दोन उशांच्या मध्ये झोपत होती.

दातवाली हे नाव मी मनात ठेवलेलं. ती दातांची डॉक्टर आहे, पस्तिशीची, केस कानापर्यंत कापलेले, आणि स्वतः मोटरसायकल चालवते. ती माझ्या नवऱ्याला दादा म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. भाऊ म्हणाली असती तरी चाललं असतं. ती त्याला ‘कलाकार’ म्हणायची. “काय कलाकार, कुठवर आलंय?” दर रविवारी सकाळी दहा वाजता, जिन्यातूनच.

आणि तिला या घरात आणलं कुणी, तर माझ्याच दाढेने.

ढबू पोटात होती तेव्हा माझी खालची दाढ दुखायला लागली. औषध घेता येईना, झोप येईना. नवरा सुट्टी काढून मला दवाखान्यात घेऊन गेला. तीन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत तो बाहेर बसला होता. दुसऱ्या बैठकीत त्याला दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये सुटी करून ठेवलेली ती जुनी गाडी दिसली. तिसऱ्या बैठकीत तो माझ्या खुर्चीशेजारी उभा होता. दातवालीचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते आणि ती त्याच्याशी बोलत होती.

“रंग काढला तर खालचं अल्युमिनियम चमकेल का हो?”

“चमकेल म्हणजे? तोंड दिसेल त्यात.”

“काहीतरीच!”

“दाखवू का करून?”

मी आ वासून पडले होते. मध्ये एक शब्द घालायची सोय नव्हती.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा नवरा नळाच्या कारखान्यात आहे, पॉलिशच्या खात्यात. अकरा वर्षं. ओतलेला खरखरीत नळ त्याच्या हातात येतो आणि गुळगुळीत होऊन पुढे जातो, पुढचे लोक त्यावर मुलामा चढवतात. दिवसाला दोनशे नळ. कुणाच्या घरी गेलो की तो हात धुवायला म्हणून आत जातो आणि बराच वेळ येत नाही. ढबू झाली त्या दिवशी हॉस्पिटलच्या बेसिनपाशी तो असाच उभा होता. मी पलंगावरून म्हटलं, “अरे, मुलगी झालीय तुला.” तर म्हणाला, “हो, हो. हा आमच्याकडचाच आहे बघ. हा वळसा माझ्या हातचा असणार.” मग डोळे पुसले. मुलीसाठी पुसले असं मी धरून चालले.

“लोक नळातून पाणी येतंय का बघतात,” तो एकदा म्हणाला होता. “नळ कोण बघतंय?”

म्हणून ढबू सात महिन्यांची झाल्यावर फ्रेम खरंच घरी आली तेव्हा मी नाही म्हटलं नव्हतं. हे मला सांगितलं पाहिजे. त्याने ती खांद्यावर घालून तीन जिने चढवली, आणि दारात उभा राहून लहान मुलासारखा विचारत होता, “कुठे ठेवू? तू सांग.” मीच गॅलरी म्हटलं. कडी त्याची त्याने शोधली.

पहिला आठवडा रंग काढण्यात गेला. मग दोनशे वीसचा कागद, मग चारशेचा. कारखान्यातून साडेचारला यायचा, चहा उभ्याउभ्या प्यायचा आणि गॅलरीत शिरायचा. काळ्या पाण्याचे ओघळ फरशीवर. मी दिवसातून तीनदा गॅलरी पुसायचे, तरी ढबू रांगत गेली की गुडघे काळे.

“ही धूळ तिच्या पोटात गेली तर?” मी म्हणायचे.

“ओलं करून घासतोय ना मी. ओल्याची धूळ उडत नाही.”

“वाळल्यावर उडते.”

“बरं बाई, दार लावून घेतो.”

आणि दार लावून घ्यायचा. म्हणजे मी काचेच्या अलीकडे, तो पलीकडे. काचेतून मला दिसायचं. तो हाताने घासायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचा, मग टॉर्च आडवी धरून बघायचा. इकडून बघायचा, तिकडून बघायचा. कधी तळहात सपाट ठेवून डोळे मिटायचा आणि हात फिरवायचा, कारण डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं. लग्नाला चार वर्षं झाली. असं कुणाला बघताना मी त्याला पाहिलं नव्हतं. बाळंतपणानंतर माझं पोट सुटलं, केस हातात यायला लागले, डोळ्यांखाली वर्तुळं आली. एकदा मी मुद्दाम निळी साडी नेसून काचेपाशी उभी राहिले. त्याने मान वर केली, हसला आणि म्हणाला, “ए, जरा सरक ना. तुझी सावली पडतेय.”

यात हसण्यासारखंही आहे. आता मला हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

आणि त्यात रविवार. दातवाली यायची, बुटांसकट गॅलरीत जायची. तिच्या दवाखान्यातही तसंच असतं म्हणे. दातात सिमेंट भरलं की आधी जाड चकती, मग बारीक, मग त्याहून बारीक. “एखादी पायरी गाळली ना, की पेशंटच्या जिभेला कळतंच. जीभ फार चोखंदळ,” ती म्हणायची. “अगदी हेच!” असं माझा नवरा म्हणायचा, जणू अकरा वर्षं त्याच्याशी कुणी त्याच्या भाषेत बोललंच नव्हतं. मी मोजायला लागले होते. एका रविवारी तो सात वेळा हसला. पूर्ण आठवड्यात माझ्याशी किती वेळा हसला, तेही मोजलं. तो आकडा सांगत नाही.

मला काय झोंबत होतं, ते मी स्वतःशीही नीट कबूल करत नव्हते. तिचं रूप नव्हे. ती काही फार देखणी नव्हती, आणि त्याच्या मनात तसं काही होतं असं मला आजही वाटत नाही. झोंबत होतं ते वेगळंच. मीही शिकलेली आहे. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय, पाणी तपासायच्या लॅबमध्ये तीन वर्षं नोकरी केलीय, ढबूच्या वेळी सोडली. त्या गॅलरीत काय चाललंय, हे त्या दोघांपेक्षा मला जास्त कळत होतं. त्याला हात कळत होता, तिला नख कळत होतं. तो धातू मला कळत होता.

एकदा मी बोलले. कागद हजाराच्या पुढे गेले होते आणि फ्रेम दुधाळ चमकायला लागली होती. तो कुरकुरत होता. “चार दिवस हात लावला नाही तर काळवंडते साली.”

“काळवंडत नाही,” मी ढबूला भरवता भरवता म्हणाले. “हवा लागली की त्याच्यावर पापुद्रा धरतो. ऑक्साइडचा. तो पापुद्राच खालच्या धातूला सांभाळतो.”

“हं.”

“आणि एक लक्षात ठेव. कधी सोड्याचा हात लावू नकोस. धुण्याचा सोडा तो पापुद्रा खातो, आणि मग खालचं अल्युमिनियमही खातो. डाग पडले तर पुसून जायचे नाहीत. पुन्हा घासत बसावं लागेल.”

“हं,” तो म्हणाला आणि कागद बादलीत बुडवला.

बस, एवढंच. दातवालीने जिभेची गंमत सांगितली तेव्हा ‘अगदी हेच’, आणि मी धातूच उलगडून सांगितला तर ‘हं’. मी चमचा वाटीत आपटला. ढबू दचकून रडायला लागली.

शेवटचा आठवडा उजाडला. रविवारी दातवाली फ्रेम न्यायला येणार होती. जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करणाऱ्यांचा त्यांचा एक गट होता, आणि पुढच्या रविवारी त्यांचं प्रदर्शन. गाडी जोडायला आठ दिवस लागणार.

“पन्नास-साठ लोक येतील,” नवरा मला म्हणाला. जेवताना, आपणहून. “गाडी जोडली तरी बाजूचं अंग उघडंच राहतं. सगळ्यांना दिसणार. डॉक्टर म्हणाल्या, एक पाटी लावतील. फ्रेम कुणी केली त्याची. आवडलं तर लोक आणखी कामं देतील.”

“पाटी?”

“हो ना. माझ्या नावाची.” मग लाजला आणि ताटात बघून म्हणाला, “छोटीशीच असेल.”

मी त्याच्याकडे बघितलं. अकरा वर्षं, दिवसाला दोनशे नळ, आणि ही पहिली पाटी. मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण लगेच मनात आलं, पाटीची कल्पना तिला सुचली. मला का नाही सुचली?

शुक्रवारी फ्रेम पुरी झाली. त्याने गॅलरीचं दार उघडलं आणि मला हाक मारली. मी गेले. त्या वाकड्या नळीत दोरीवरचे कपडे दिसत होते, आकाश दिसत होतं, आणि लांबुडकं होऊन माझं तोंड दिसत होतं. दमलेलं, केस विस्कटलेलं. एवढं लख्ख मी आमच्या आरशातही दिसत नाही.

“कशी झालीय?”

“छान,” मी म्हणाले. मला आणखी बोलायचं होतं, पण त्या तोंडाकडे बघून मी केस मागे सारत राहिले.

“मऊ फडकं दे ना एखादं. झाकून ठेवतो. एकदम मऊ हवं, सुतीनेही चरे पडतात आता.”

“बघते,” म्हणून मी आत गेले. ढबू उठली होती, मग तिच्यातच गुंतले. थोड्या वेळाने बाहेर आले तर फ्रेमवर ढबूचं दुपटं. फ्लॅनेलचं, पिवळं, कोरं. नोकरी सोडताना लॅबमधल्या मैत्रिणींनी दिलेलं. मी ते वर्षभर कागदात ठेवलं होतं, तिच्या वाढदिवसासाठी. त्याने कपाटातून काढलं, कागद फाडला आणि पांघरलं. दोन्ही टोकं नीट आत खोचलेली. मुलीलाही त्याने कधी इतकं नीट पांघरलं नव्हतं.

मी तेव्हाच भांडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी तो कामावर गेला. दुपारी बारा वाजता मी ढबूचे लंगोट धुवायला काढले. दोन दिवसांचे होते, डाग गेले नव्हते, म्हणून सोड्याच्या पाण्यात भिजवले होते. रोज मी सोड्याचे कपडे तीन पाण्यांतून खळबळून काढते. मुलीची कातडी नाजूक, मला त्याची भीतीच वाटते. त्या दिवशी चार लंगोट मी तसेच बादलीतून उचलले. हाताला बुळबुळीत लागत होते. पिळलेही नाहीत.

गॅलरीत आले. दुपटं काढलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. आणि चारही लंगोट फ्रेमवर घातले.

दोरीवर जागा नव्हती, असं मी नंतर सांगणार होते. दोरीवर चार लंगोटांची जागा होती.

मग मी आत येऊन ढबूला दूध पाजलं. ती त्या पिवळ्या दुपट्यात झोपली. तिच्या शेजारी मी आडवी झाले आणि मला गाढ झोप लागली. नऊ महिन्यांत दुपारची तशी झोप मला लागली नव्हती. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं.

चारला जागी झाले तेव्हा ते लंगोट आठवले. झोपेत केलेलं जागेपणी कळावं तसं. मी धावत गेले, लंगोट ओढून काढले, फ्रेमवर तांब्यातांब्याने पाणी ओतलं, पदराने पुसलं. वरच्या नळीवर आणि खालच्या बाजूला करडे, पांढुरके डाग पडले होते. घडीच्या रेषांसकट, लंगोटांच्या कडांसकट. पुसलं की जास्तच ठळक व्हायचे. मी पदर दाबून घासत राहिले. लॅबमध्ये असते तर अशा मुलीला मी हाताला धरून बाहेर काढलं असतं.

साडेचारला तो आला. चपला काढायच्या आधी सवयीने गॅलरीत डोकावला.

मी ओट्यापाशी उभी होते, पाठ करून.

“काय झालं हे?”

“लंगोट वाळत घातले होते,” मी म्हणाले. “दोरीवर जागा नव्हती. काढायचे विसरले.”

तो आत आला नाही. मी वळून बघितलं. त्याने डागावर नख लावलं, मग तळहात ठेवला. मग दोरीकडे बघितलं. मधली रिकामी जागा तशीच होती. चारही लंगोट मी खाली बादलीत टाकले होते. त्याने एक उचलला आणि बोटांनी चोळून बघितला.

“सोडा होता?”

“थोडासा.”

त्याने मान हलवली. ओरडला नाही. ओरडला असता तर मी रडले असते आणि सगळं सांगून टाकलं असतं. त्याने लंगोट परत बादलीत ठेवला, शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि कागदांच्या पट्ट्या बाहेर काढल्या.

“सहाशेपासून?” मी विचारलं.

“चारशेपासून,” तो म्हणाला. आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

मी स्वतःची समजूत काढत राहिले. त्याला फक्त इतकंच कळलंय की माझं लक्ष नव्हतं. बाळाची आई, झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. कुणाकडूनही होईल. सोड्याने काय होतं ते मी सांगितलं होतं, पण तो ‘हं’ म्हणाला होता. त्याने ऐकलंच नव्हतं. ‘हं’ म्हणणारा माणूस ऐकत नाही, हे कुठल्याही बायकोला माहीत असतं. त्या ‘हं’चा मला इतके दिवस राग होता, आणि आता मी त्यालाच धरून बसले होते.

सकाळी उठले तेव्हा तो गॅलरीतच होता. रात्री कधी झोपला, झोपला की नाही, माहीत नाही. वरची नळी पहिल्यासारखी लखलखत होती. खालच्या बाजूला मात्र वीतभर पट्टा राहिला होता, डाग घासून गेलेले पण चमक न आलेला, दमटपणाने काच धुरकटते तसा. मी चहा नेला. त्याने घेतला. “उपमा टाकू का?” म्हटलं, तर म्हणाला, “नको.” तुसडेपणाने नाही. पाहुण्याला सांगावं तसं.

दहा वाजता जिन्यातून आवाज आला. “काय कलाकार, झाली का पाठवणीची तयारी?”

दातवाली गॅलरीत गेली, फ्रेमसमोर उभी राहिली आणि खरोखर तिचा हात तोंडावर गेला. “आई गं,” एवढंच म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती मला आवडली. मग ती वाकली. मला माहीत होतं ती वाकणार.

“हे खाली काय झालं?”

“माझ्याकडून झालं,” नवरा म्हणाला. “सोड्याचं फडकं राहिलं वर. काल दुपारी.”

काल दुपारी तो कारखान्यात होता. मी दाराला धरून उभी होते.

“सोड्याचं? तुमच्याकडून?” दातवाली हसायला लागली. “अहो, तुम्हीच मला बजावलं होतंत ना! पापुद्रा खातो, मग धातू खातो. मी दवाखान्यातल्या बाईंना ताकीद दिलीय, माझ्या गाडीपाशी धुण्याचं पाणी नेलंत तर याद राखा म्हणून.” मग ती माझ्याकडे वळली. “वहिनी, तुमच्याबद्दल किती ऐकलंय मी! काही विचारलं की हे म्हणतात, थांबा, घरी विचारून सांगतो, आमच्या घरात केमिस्ट्री आहे. तुम्ही कधी येऊन बसतच नाही आमच्यात. मला वाटलं, माझा राग आहे की काय तुम्हाला.”

“छे, छे,” मी म्हणाले. “ढबूमुळे होत नाही.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो दोरी सोडत होता. गाठ पक्की बसली होती, त्याने दातांनी ओढून सैल केली.

“माहीत असूनही होतं एखाद्याकडून,” तो म्हणाला. दोरीशीच बोलल्यासारखा.

दोघांनी मिळून फ्रेम खाली नेली. मी वरून बघत होते. टेम्पोत जुनी गादी अंथरली होती, तिच्यावर त्याने ती ठेवली. धुरकट बाजू वर येत होती. त्याने थांबून फ्रेम उलटी केली, ती बाजू गादीकडे गेली, आणि मग दोरी बांधली.

प्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो. पाटी होती. छोटीशी नव्हती, चांगली मोठी होती. लोक गाडीभोवती वाकून वाकून बघत होते, तोंडं वेडीवाकडी करून त्यात बघत होते, आणि माझा नवरा हात मागे बांधून चार पावलं लांब उभा होता, कुणा दुसऱ्याच्याच लग्नात उभं राहावं तसा. एकाने खालचा पट्टा दाखवून काहीतरी विचारलं. तो त्याला समजावून सांगत होता. मी जवळ गेले नाही. घरी येताना त्याने ढबूला सबंध वाट खांद्यावर घेतलं. वाटेत मी म्हणाले, “मला माहीत होतं. सोड्याचं.” तो म्हणाला, “हो.” थोडं चालून झाल्यावर म्हणाला, “तिची टोपी पडेल, बघ जरा.” मी टोपी नीट केली.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. टोमणा नाही, अबोला नाही. भाजी छान झाली तर छान झाली म्हणतो. मी काही सांगितलं तर आता ‘हं’ म्हणत नाही, मान वर करून पूर्ण ऐकतो. ते जास्त अवघड आहे.

महिन्याभरात दुसरी फ्रेम आली. गटातल्याच एका वकिलाची. मला ते शेजारणीकडून कळलं, तिने त्याला फ्रेम खांद्यावर घेऊन जाताना रस्त्यात बघितलं होतं.

“घरी नाही आणलीस?” मी विचारलं.

“डॉक्टरांच्या मागची शेड रिकामी आहे. तिथे करीन म्हटलं.”

“इथे गॅलरी आहे की. मी पुसून घेतलीय सगळी. खाली कागद अंथरला तर…”

“ढबूला धूळ बरी नाही,” तो म्हणाला. “तूच म्हणत होतीस ना?”

म्हणतच होते मी.

आता तो साडेसहाला येतो. गॅलरीत उन्हात कपडे वाळतात, फरशी दिवसभर कोरडी असते, ढबू बिनधास्त रांगते आणि तिचे गुडघे गोरेच राहतात. काल तो आला, ढबू त्याच्याकडे झेपावली. त्याने तिला उचललं आणि खुर्चीत बसला.

“पाणी काढू का गरम? हात धुवायला?” मी म्हणाले.

“धुऊन आलोय.”

“किती झालं काम?”

“निम्मं.”

मी आणखी थांबले. बोलण्यासारखं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. ढबूने त्याचं बोट धरून तोंडात घातलं. मी ते काढायला पुढे झाले, तिच्यापाशी वाकले, आणि थांबले. बोट अगदी स्वच्छ होतं. नखांतसुद्धा काही नव्हतं. त्याला कुठल्यातरी दुसऱ्याच साबणाचा, दवाखान्यातल्यासारखा मंद वास येत होता.

ती बोट चोखत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ताटं घ्यायला आत गेले.